भोपळ्याची पहिली चीर

लाल भोपळा बाईनं आधी कापायचा नाही, पहिली चीर घरच्या पुरुषानं द्यायची, हा नियम विनताबाईंनी सासूकडून घेतला आणि कधी मोडला नाही. चीर विष्णुपंत देत. मग बिया धुऊन, वाळवून, खरपूस भाजून लसूण-मिरचीसोबत कुटलेली चटणी त्यांच्या ताटात पडे. तिच्याशिवाय भाकरी घशाखाली उतरत नाही, असं ते चारचौघांत सांगत.

यंदा दसऱ्याला शहपुऱ्याहून आणलेला भोपळा मात्र तसाच राहिला. त्याच आठवड्यात विष्णुपंतांना अर्धांगवायू झाला आणि उजवा हात लुळा पडला. डावा धड होता, पण शुभ कामाला डावा चालत नाही. नियमसुद्धा कसे जोडीनं येतात!

शेजारचे अनुपम भैया मदतीला आले, त्यांना बाईंनी गोड बोलून परत धाडलं. दिवाळीत मुलगा अक्षत आला, तेव्हा तर भोपळा चक्क पलंगाखाली लपवला. दुसऱ्या कुणी चीर दिली म्हणजे आपला माणूस संपला, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मनाला कोण समजावणार? नवऱ्याच्या हाताला त्या रोज तेल चोळत. बोटं काही हलली नाहीत.

होळीच्या सुमारास विष्णुपंत अडखळत म्हणाले, "चटणी... खावीशी... वाटून राहिली."

विनताबाई हरखल्या. त्यांना उशीला टेकवून बसवलं, भोपळा पुढ्यात ठेवला, लुळ्या मुठीत सुरी दिली आणि वरून आपली मूठ आवळली. "अहो, दाबा!" जोर सगळा बाईंचाच होता, पण चीर पडली. किती दिवसांनी त्या हसल्या.

मग त्यांनी भोपळा उघडला. आत बियांना कोंब फुटले होते, पांढरे, लांब, एकमेकांत गुंतलेले. भाजण्यासारखी एकही बी उरली नव्हती.

"काहून... थांबली... एवढी?"

"तुमचा हात बरा होईल म्हणून."

विष्णुपंत आपल्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हातानं लुळ्या मुठीतली सुरी सोडवली आणि बायकोच्या हातात दिली.

"असं काहून करता जी?" विनताबाई रडू लागल्या.

"पुढचा भोपळा तूच काप."

आजारपणात पहिल्यांदाच ते न अडखळता बोलले होते.