चाईतले पांढरे केस

पुष्पावतीच्या टाळूवर रुपयाएवढी चाई पडली, तेव्हापासून तिचा संशय एकाच माणसावर होता, तो म्हणजे थोरल्या जावेवर, छबूबाईवर. संशयाचं कारणही घरगुतीच. बेलापुरात दोघींची घरं एकाला एक लागून, आणि दर रविवारी न्हाण्याआधी छबूबाईच तिच्या डोक्याला तेल लावायची.

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी चाईत इंजेक्शनं दिली, लावायला औषध दिलं. कितीतरी महिने गेले तरी टाळू तुळतुळीतच. "औषध नेमानं लावता ना?" डॉक्टरांनी विचारलं, तेही जरा संशयानंच. पुष्पावतीला राग आला, पण तो डॉक्टरांवर काढता येईना.

घरी येऊन तिनं तेलाची बाटली हुंगली. वास नेहमीचाच होता, त्यामुळं तर ती जास्तच बिथरली. आणि हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांसमोर बोलून मोकळी झाली, "आक्का, तेलात काय घालता ते एकदा सांगून टाका."

छबूबाईचा चेहरा पडला. "आजपासून न्हाई लावनार," एवढंच म्हणून ती उठून गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चाईत केस उगवले. पांढरे, बारीक, मऊ. पुष्पावतीला केसांचा आनंद झालाच, पण आपला संशय खरा ठरला याचा त्याहून जास्त झाला. डॉक्टरांना तिनं सगळं रंगवून सांगितलं. "तिचं तेल बंद झालं आन् केस आलं. पर पांढरं आलं. तेवढं उपटून टाकू का?"

डॉक्टरांनी हातातलं भिंग खाली घेतलं. "आधीही उपटत होता?"

"व्हय. तेल लावताना पांढरा दिसला की उपटा, आसं मीच आक्काला सांगितलं हुतं."

"अहो, चाईत नवा केस बहुतेक वेळा आधी पांढराच येतो, मागाहून काळा होतो. औषध केव्हाच लागू पडलं असणार. उगवलेलं तुम्हीच काढून टाकत होता."

पुष्पावती आपल्या घरी न जाता थेट जावेच्या दारात गेली. छबूबाई लसूण सोलत बसली होती. डॉक्टर बोलले ते सगळं पुष्पावतीनं तिच्यापुढं बसून सांगितलं, काही लपवलं नाही. "चूक माझीच हुती, आक्का. तुमी मी सांगितलं तेच केलं. रविवारी तेल लावायला येता ना?"

छबूबाईनं मान वर करून त्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं.

"आन् उद्या ह्ये बी गळालं, तर कुनाचं नाव घेशील?"