कोळशाचा पखवाज

रघू आणि मी एकाच दिवशी धोंडूबुवांकडे पखवाज शिकायला बसलो. हात माझा बरा, असं बुवाच म्हणायचे. पण शेवटी त्यांनी आपला पखवाज दिला तो रघूला. रघू तो घेऊन मुंबईला गेला आणि मोठ्या गवयांना साथ करू लागला. मी गावच्या भजनातच राहिलो. त्या पखवाजाला नऊ वर्षं माझा हात लागला नव्हता.

चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात मालनबाईंनी गावाजवळच मांडवीला आपली चित्रं मांडली. बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. चित्रं नुसत्या कोळशाची, पण फोटोने तोंडात बोट घालावं अशी. सुट्टीला आलेल्या रघूला त्यांनी आठ दिवस समोर बसवून त्याचंही चित्र काढलं होतं.

"बगून तरी या," माझी बायको सखू म्हणाली.

"त्यात काय बगायचं? काळा माणूस काळाच दिसणार."

"मग रोज त्याचंच नाव कशाला काढता?"

गेलो. एका चित्रात घुंगरू बांधलेले नाचणारीचे पाय होते, टाचेच्या भेगांसकट. एकात तंबोरा, तारेवर उजेड पडलेला. आणि शेवटी, टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलेला रघू. डोळे मिटलेले, मांडीवर बुवांचा पखवाज. खाली एक पाटी होती.

जवळ कोणी नव्हतं. खोटं कशाला सांगू, त्याच्या तोंडावरून एक नख ओढावं असं मनात आलं.

तेवढ्यात नजर पखवाजाच्या डाव्या तोंडाकडे गेली. तिथे आवाज भरावा म्हणून लावतात ती कणीक थापलेली होती, ओली, आत्ताच मळल्यासारखी. खोडाच्या कडेला टवका होता. तो बुवांच्या हातून पडला तेव्हा मी समोर होतो. पखवाजापुढे बसताना आधी त्याला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, मग मांडी घालायची, हे बुवांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं. हाताने मला काही विचारलं नाही.

"अहो, अहो! काय केलंत हे!" मालनबाई धावत आल्या.

कणकेवरून माझी तीन बोटं फिरली होती. कोळसा पसरला होता.

"एवढी मोठी पाटी लावलीय, हात लावू नये म्हणून! कोळसा पक्का करायचं औषध अजून मुंबईहून यायचंय."

पाटी मी बघितली होती. मला अक्षर येत नव्हतं. तिच्यावर रघूचं नाव असेल असं मला वाटलं होतं.

माणसं जमली. "मुद्दाम केलान," कोणीतरी म्हणालं. "लहानपणापासून जळतो तो रघूवर."

"मुद्दाम नाय केलं," मी म्हणालो. पण मघाचं ते नख आठवलं.

रघू चहाचा ग्लास घेऊन आत आला. त्याने चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे बघत राहिला.

"भिक्या, कपाळ पुसू नको रे," तो म्हणाला. "बाई, ह्याच्या कपाळाला काय लागलंय बघा. मेल्याने नमस्कार केलाय."

बाईंनी बघितलं. त्यांचा राग जरा उतरला. "तेवढं पुसून पुन्हा काढते मी."

"नको. राहू दे तसंच. बुवांच्या पखवाजावर ह्याचा हात पाहिजेच होता."

केवढ्या मोठ्या मनाचा माणूस, असं जो तो बोलू लागला. मी चप्पल घालून बाहेर पडलो.

घरी सखूने माझ्या तोंडाकडे बघितलं. "हे काय लावून आलात?"

"पखवाज."

तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी घेतला नाही. पखवाज त्याचा, चित्र त्याचं, आणि आता मोठेपणाही त्याचाच. माझ्या वाट्याला एवढा काळा डाग आला होता. तो मी संध्याकाळपर्यंत धुतला नाही.