पहिल्या नंबरवर क्लिक

मी तीर्थपुरीच्या अण्णासाहेब गुरुजींच्या बैठकीतला कंप्युटर बोलतोय. ऐकायचं तर नीट बसा आणि मध्येच माझ्या पाठीवर थापट्या मारू नका. या घरात मी जरा अडखळलो की मला थापटतात. म्हैस समजतात की काय, कोण जाणे!

माझा जन्म जालन्यातल्या एका दुकानात झाला. पडदा एकीकडचा, डबा दुसरीकडचा, अशी जुळवाजुळव. गुरुजी निवृत्त झाले तेव्हा मला घरी आणलं. सूनबाई प्रभावतीनं माझ्यासाठी खोळ विणली. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसायचा मान मात्र एकट्या गुरुजींचा.

हा मान फुकटचा नव्हता, तेही सांगतो. घराण्यात पहिली सही करणारा माणूस हा. आख्ख्या गल्लीचे अर्ज त्यांच्याच हातानं भरले जायचे. "गुरुजींच्या हातचा फॉर्म परत येत न्हाई," असं लोक म्हणत, आणि कागदाच्या काळात ते खरंही होतं. पण माझ्यासमोर बसले की हाच माणूस आंधळा व्हायचा. काहीही समोर येऊ द्या, 'पुढे', 'पुढे', 'मान्य'. आधी वाच, मग लिही, असं पोरांना जन्मभर शिकवलं आणि स्वतः? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

गेल्या वर्षी त्यांना वर्तमानपत्राला पत्रं लिहायची हुक्की आली. त्यासाठी फुकटातला मराठी फॉन्ट उतरवला. या फॉन्टबरोबर तुमचं सर्च इंजिनही बदलेल, असं मी पडद्यावर स्वच्छ लिहून दाखवलं. शेजारच्या चौकोनातली खूण काढली असती तर काम संपलं असतं. गुरुजींनी 'मान्य' दाबलं. त्या दिवसापासून 'शोधधमाका' नावाचं एक भामटं माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलं. काहीही विचारा, वर पाच जाहिराती आणि खरं उत्तर तळाशी. पावसाचा अंदाज विचारला तर कूलर दाखवायचं.

गुरुजी त्यावरही खूश! त्यांचा सिद्धान्तच होता की यादीत जो वर, तो हुशार. पस्तीस वर्षं निकालपत्रक लावलेल्या माणसाला पहिला नंबर विकतही मिळतो, हे कोण सांगणार?

यंदा नात प्रीतीचा नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म आला. कोणतं कॉलेज पहिलं, कोणतं दुसरं, हा पसंतीक्रम शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत भरायचा होता. राहिला तर वर्ष गेलं. शुक्रवारी गुरुजी खुर्चीत बसले आणि प्रीती शेजारी स्टुलावर. फॉर्म तिचा, आणि ती स्टुलावर! गुरुजींनी प्रवेशाच्या साइटचं नाव टाकलं आणि आलेल्या यादीत पहिल्या नंबरवर क्लिक केलं.

"आबा, ही सरकारी साइट न्हाई वाटत. बराबर बघा ना."

"पहिल्या नंबरवर आली ना? मंग? तू काय मला शिकवून राह्यली?"

ती कुठल्याशा क्लासवाल्यांची जाहिरात होती, फॉर्म तेवढा हुबेहूब सरकारीसारखा. त्यांना फक्त पोरांचे फोन नंबर हवे होते. गुरुजींनी आपल्या मनानं जालन्याचं कॉलेज पहिलं टाकलं आणि नागपूरचं सगळ्यात शेवटी. प्रीतीला नागपूरच हवं होतं. तिनं तोंड उघडेपर्यंत यांनी बटण दाबलंसुद्धा. 'अभिनंदन' अशी अक्षरं चमकली. प्रभावतीनं गूळ-शेंगदाणे वाटले. मला कपाळ नाही, नाहीतर बडवून घेतलं असतं.

शनिवारी चार वाजता प्रीतीच्या मैत्रिणीचा, दीपमालाचा फोन आला. "तुला पावती आली का गं? मला तर लगेच आल्ती." प्रीतीला पावती आली नव्हती. सकाळपासून आले होते ते क्लासवाल्यांचे फोन.

"आबा, फॉर्म गेलाच न्हाई!" पोरीचा आवाज रडवेला झाला होता.

"मशीनला व्हायरस झाला," गुरुजी म्हणाले. "अंबडहून त्या कंप्युटर दुरुस्तीवाल्या अवधूतला बोलवतो. तोवर सेटिंगला हात लावायचा न्हाई."

अंबडचा अवधूत येणार, चहा पिणार, मला उलटा करून धूळ झाडणार, आणि पाच कधीच वाजून जाणार! चूक यांनी केली आणि व्हायरस म्हणे मला. तेवढ्यात प्रभावती स्वयंपाकघरातून आली. सासऱ्यांपुढं या बाईनं कधी आवाज चढवला नव्हता.

"मामा, उठा. तिला बसू द्या."

गुरुजी उठले. प्रीतीनं आधी तो फॉन्ट मुळासकट उपटला. मग सेटिंगमध्ये जाऊन शोधधमाका काढला आणि पूर्वीचंच सर्च इंजिन पुन्हा निवडलं. वर्षभराची पीडा दोन मिनिटांत गेली. सरकारी साइट शोधून तिनं प्रवेशाच्या छापील माहितीपत्रकावरचा पत्ता अक्षर अक्षर ताडून पाहिला, आणि पसंतीक्रमात नागपूर पहिलं टाकलं.

"इतक्या लांब?" मागून गुरुजींनी विचारलं.

"हो, आबा."

पाचला अकरा मिनिटं कमी होती. गुरुजींनी चष्मा पुसला, पडद्याशी वाकले आणि रकाना न रकाना मोठ्यानं वाचला. माझ्यासमोर त्यांना वाचताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"नाव बराबर हाये," ते म्हणाले. "दाब."

प्रीती नागपूरला गेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला गुरुजी सांगतात, "फॉर्म मीच भरला!" तेही ताठ मानेनं. म्हणून तुम्हाला हात जोडतो, म्हणजे असते तर जोडले असते. तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा असेल. एक वेळ त्याला पुसू नका, झाकू नका, पण ज्याचा फॉर्म असेल त्याला खुर्ची द्या.

परवा शेजारच्या मालनबाई आल्या. रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचं होतं. "गुरुजी, तुमच्या हातानंच होऊ द्या."

गुरुजी खुर्चीत बसले, माउसला हात लावला आणि उठले. "तुम्ही बसा. कार्ड तुमचं हाये."

"अव्हो, मी चौथी शिकल्याली बाई!"

"वाचता येतं ना? मंग झालं. मी मागं उभा हाये."

मालनबाई पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागल्या. पाऊण तास लागला. मी चांगलाच तापलो होतो, पण बंद पडलो नाही.