पाच गोळे

"टाइलखाली अ‍ॅडहेसिव्ह सगळीकडे न पसरता नुसते पाच गोळे लावून मोकळा होतो तो कारागीर नव्हे, चोर!" टाइल बसवणारा धाकटा भाऊ छाती ठोकून सांगायचा. म्हणून ताईने स्वयंपाकघर डोळे झाकून त्याच्या हवाली केलं. तीन दिवस ती ओला स्पंज घेऊन त्याच्यामागे रांगली, सांध्यांतून वर आलेलं अ‍ॅडहेसिव्ह वाळायच्या आत पुसत राहिली.

"तू वरचं बघ, ताई. आतलं माझ्यावर सोड," तो म्हणाला होता.

महिन्याभरात ओट्यापाशी एक टाइल डुगडुगली. तिने कालथ्याने उचकटली. खाली पाच गोळे. शेजारची वाजवली, तीही पोकळ. मेल्याने सगळं स्वयंपाकघर पोकळ ठेवलं होतं!

वरून मात्र एकीवरही डाग नव्हता. तेवढं काम तिने स्वतः, गुडघे सोलवटून केलं होतं.