पंचवीस वर्षांचा तक्ता

धाकट्या दिराने चहाला नको म्हटलं, तेव्हाच काकूंच्या मनात पाल चुकचुकली. चहाला नको म्हणणारा तो माणूसच नव्हता. पण त्या सकाळी तो घाईघाईने आला, शिवणाच्या खोलीतले कापडाचे तागे बाजूला सारून बसला आणि टेबलावर एक छापील तक्ता पसरला. तक्त्यात तीन रकाने होते: तारांवरून येणारी वीज, जनरेटर आणि छतावरचं सोलर. खाली प्रत्येकाची पंचवीस वर्षांची बेरीज.

“वहिनी, तुम्ही फक्त शेवटची ओळ बघा,” तो म्हणाला.

शेवटची ओळ आधी बघणं काकूंना कधी जमलं नाही. घरातल्याच खोलीत चार मशिनं आणि दोन इस्त्र्या लावून त्या बावीस वर्षं गणवेश शिवत होत्या, आणि कापड घेतानाही आधी उलटी बाजू बघायच्या. त्यांनी चष्मा लावला आणि वरून वाचायला घेतलं.

“हे आठ टक्के कसले, भावोजी?”

“विजेचा दर दरवर्षी वाढतो ना, त्याचे.”

“आठच का?”

“सगळे आठच धरतात.”

तेवढ्यात काका मध्ये बोलले, “घेऊन टाकू या. वीज जायची रोजची कटकट तरी मिटेल.”

काकूंनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. पंखा बंद केला की नाही ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणारा हा माणूस. साधी छत्री घ्यायची तरी तीन दुकानं हिंडणारा. आणि आज एवढी मोठी रक्कम एका दमात घेऊन टाकू या? नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. “बघू,” एवढंच म्हणून त्यांनी तक्ता घडी करून मशीनच्या खणात ठेवला.

पुढचा आठवडाभर त्यांचं लक्ष शिवणावर कमी आणि नवऱ्यावर जास्त होतं. भावाचा फोन आला की काका जिन्यात जाऊन बोलत. काकू दारात दिसल्या की विषय एकदम हवेवर यायचा. एकदा तर त्यांनी स्वच्छ ऐकलं: “तिला काही बोलू नकोस. तू आपला रेटत राहा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याच्या डब्यातून विजेची बारा वर्षांची बिलं काढली. काही वर्षी दर जागचा हललेला नव्हता, एका वर्षी मोठी उडी होती. सरासरी काढली तर चार टक्क्यांच्या आसपास आली. चार आणि आठ ऐकायला जवळ वाटतात. काकूंनी पंचवीस वर्षं गुणत नेलं, तर तारांच्या विजेचा खर्च तक्त्यातल्या आकड्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त भरला. म्हणजे सोलर स्वस्त दिसावं म्हणून तारांच्या विजेचा रकाना फुगवला होता.

मग त्या पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त बसड्रायव्हरकडे गेल्या. त्याच्या छतावर सात वर्षांपासून सोलर होतं, तेही दिरानेच बसवून दिलेलं.

“पॅनेलची तक्रार नाही,” ड्रायव्हर म्हणाला. “पण बॅटऱ्या सहाव्या वर्षी बसल्या. नव्या घेताना डोळे पांढरे झाले. आणि दर पंधरा दिवसांनी धूळ धुवावी लागते, नाहीतर वीज कमी बनते.”

“तक्त्यात बॅटऱ्या एकदाच धरल्यात,” काकू म्हणाल्या.

“तुमच्या दिरांना विचारा की. गिऱ्हाईक आणलं की कंपनी त्यांना कमिशन देते. तुम्हाला ठाऊक असेलच.”

काकूंना ठाऊक नव्हतं. आता त्यांना सगळा डाव कळल्यासारखा वाटला: दोघे भाऊ मिळून आपल्याला गंडवतायत, आणि त्यात नवऱ्याचाही वाटा असणार. काय काय बोलायचं ते जुळवत त्या तरातरा घरी निघाल्या.

गल्लीतली वीज गेली होती. घरामागच्या बोळात त्यांना काका दिसले. वीज गेली की जनरेटर सुरू करायचं काम त्यांचंच, पण आज ते त्यापासून लांब, भिंतीला टेकून उभे होते आणि शेजारचा सलूनवाला वाकून जनरेटरची दोरी ओढत होता. तिसऱ्या झटक्याला जनरेटर सुरू झाला. वळल्यावर त्याला काकू दिसल्या.

“काकू, रागवू नका,” तो ओशाळून म्हणाला. “काकांनीच सांगितलं होतं, तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून.” आणि तो निघून गेला.

“कधीपासून चाललंय हे?” काकूंनी विचारलं.

“चार महिने झाले,” काका म्हणाले. “उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. दोरी ओढली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात.”

“आणि मला सांगायला काय झालं होतं?”

“तू काम बंद केलं असतंस. शाळा उघडायच्या तोंडावर. म्हणून धाकट्याला म्हटलं, सोलरसाठी तूच पुढे हो.”

जुळवलेलं सगळं बोलणं काकूंच्या तोंडातच राहिलं. त्यांना नवऱ्याचा राग आला नाही, स्वतःच्या संशयाची थोडी लाज वाटली. तरी एक प्रश्न उरला होता.

“त्याला मिळणारं कमिशन तुम्हाला माहीत होतं?”

“कसलं कमिशन?” काका म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला की काकूंना पुढे विचारावं लागलं नाही.

रविवारी त्यांनी दिराला बोलावलं आणि स्वतःचा तक्ता समोर ठेवला. चार टक्के वाढ, बॅटऱ्या बदलण्याचा खर्च, दुरुस्ती, धुण्याची मजुरी, सगळं त्यात होतं. जनरेटर तिन्हींत महाग होता, तेलानेच कंबरडं मोडत होतं. सोलर तारांच्या विजेपेक्षा स्वस्त पडत होतं, पण पैसे दिराच्या तक्त्याप्रमाणे पाच वर्षांत नाही, अकरा वर्षांत वसूल होणार होते.

“सोलर घेऊ,” काकू म्हणाल्या. “बॅटरी लहान, मशिनं आणि दिव्यांपुरती. इस्त्र्या वीज येईपर्यंत थांबतील. आणि तुमचं कमिशन किमतीतून वजा.”

“वहिनी, मी ते तुम्हाला सांगणारच होतो.”

“कधी? सव्विसाव्या वर्षी?”

काका हसले नाहीत. “माझ्यापासूनही लपवलंस,” एवढंच ते भावाला म्हणाले. दिराने मान खाली घालून कमिशन सोडलं. पुढे दोन महिने तो फिरकला नाही. मग एक दिवस आला, आणि काकूंनी न विचारता चहा टाकला.

पॅनेलं बसवली, जनरेटर विकला. डॉक्टरांनी काकांना रोज वीस वेळा हात वर न्यायला सांगितलं. वीस झाले, असं काका रोज आतल्या खोलीतून सांगायचे. काकू एक दिवस शेजारी बसून मोजायला लागल्या. चौदाच भरले.