फ्लॉसीमावशीचं जायचं लुगडं

विनयाची गत म्हणजे उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! साताऱ्याहून येऊन राजोडीत भाड्यानं राहिलेली ही बाई. गल्लीतल्या बायकांनी तिला बचत गटात घेतलं, गटाच्या जामिनावर छोटं कर्जही मिळवून दिलं. त्यातून तिनं लाल लुगडी आणली. गावच्या ख्रिस्ती लग्नांत हल्ली तरण्या पोरीही आजीसारखं लाल लुगडं हौसेनं नेसतात, तेव्हा धंदा चालणारच. पण मुहूर्त तिनं पाहिले कुठं? घरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत! फाल्गुनात भरपूर मुहूर्त होते, तिला तेवढं पुरलं.

अहो, कुणाला विचारायचं तरी! राखेचा बुधवार आला आणि गावात उपवासकाळ लागला. आता थेट ईस्टरपर्यंत चर्चमध्ये लग्न नाही, मग लुगडं घेणार कोण? बिचारी दारोदार फिरली. बायका चहा पाजत, पदर चाचपून बघत आणि "ईस्टर झाल्यावर बघू हां" म्हणत.

हप्ता रविवारी होता. तो चुकला की गटातल्या सगळ्यांनी भरायचा, वर कर्जाची पुढची पाळी गल्लीतल्या जीनाची, तिचं शिलाई मशीनचं कर्ज अडकायचं. विनयाच्या तोंडचं पाणी पळालं. ज्यांनी परक्या बाईवर विश्वास टाकला, त्यांनाच खड्ड्यात घालायचं?

शनिवारी ती फ्लॉसीमावशीच्या ओटीवर रडकुंडीला येऊन बसली. मावशी म्हणजे जीनाची सासू, जिभेची तिखट.

"लग्नं कधी लागतात ते आम्हाला विचारायचं सोडून तोंडात मिठाची गुळणी धरलेलीस काय गो?"

"चुकलं, मावशी."

"चुकलं तर चुकलं. गाठोडं सोड."

मावशीनं एकेक लुगडं उलगडलं, काठ ओढून पाहिला. त्यातलं सगळ्यात भारी अंगाला लावलं आणि म्हणाली, "हे माझं."

"पण मावशी, आत्ता उपवासकाळात?"

"उपवासकाळात लग्न थांबतं गो, मरण थांबतं काय? सासूला आम्ही पेटीत नव्या लुगड्यात ठेवली. मलापण तशीच जायचंय."

विनयानं लुगडं झटकन ओढून घेतलं. तेवढ्या एका विक्रीत हप्ता सुटत होता, पण तिला ते देववेना. "नाही विकायचं मला. हप्ता गेला उडत!" म्हणत ती ढसाढसा रडायला लागली.

मावशी पोट धरून हसली. "वेडाबाई, उद्याच कुठं चालले मी? आधी ईस्टरला मिरवणार, गावाच्या डोळ्यांत भरणार, मग पेटीत. सोड बघू."

हप्ता वेळेवर गेला. ईस्टरला चर्चमधली मिस्सा सुटली तेव्हा विनया फाटकापाशी उभी होती. मावशी लालभडक लुगड्यात बाहेर पडली आणि बायकांनी तिला गराडाच घातला. कुठनं घेतलं, कितीला घेतलं?

"आमची विनया विकते," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. "दोन-दोन घ्या गो, एक लग्नाला, एक जायला!"

बायका खिदळल्या. विनयाला मात्र त्यातलं 'आमची' एवढंच ऐकू आलं.