पांढऱ्याचा खटका

मी खटका. नखाएवढा. शाहूपुरीतल्या शिवानंदच्या व्हिडिओ कॅमेऱ्याला पुढच्या अंगाने, काचेच्या खाली बसवलेला. लोक काचेकडे बघून केस नीट करतात, पदर सावरतात. माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नाही. आता माझी स्प्रिंग ढिली झाली आहे, बोलायचाही कंटाळा येतो. तरी बोलतो, कारण माझ्या नावावर एक मोठी चूक लागली आहे. तिची खरी हकिकत माझ्याखेरीज एकालाच ठाऊक आहे आणि तो तोंड उघडणार नाही.

आधी माझं काम ऐका. दिव्याखाली सगळं पिवळं मारतं, उन्हात निळं. माणसाचा डोळा ते सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही. म्हणून त्याच्यापुढे काही तरी पांढरं धरायचं आणि मला वर ढकलायचं. 'हे पांढरं' असं मी एकदा सांगितलं की बाकीचे रंग मुकाट्याने आपापल्या जागी बसतात. माझ्या बाजूला एक सरकता खटका आहे. तो खाली असला तर मात्र माझं काही चालत नाही. मग मला कितीही ढकला, कॅमेरा कारखान्याने ठरवून दिलेला दिव्याच्या उजेडाचा हिशेब धरून बसतो आणि उन्हातलं चित्र निळं येतं.

जपानात जन्मलो, मुंबईत एका मालकाच्या हाताखाली राबलो आणि चौऱ्याऐंशी साली कोल्हापुरात आलो. शिवानंद लग्नांचं शूटिंग करायचा. मांडवात शिरला की पहिल्या टोपीवाल्याला गाठायचा. "पावणं, जरा टोपी दावा की!" टोपीवाला आपला फोटो निघतोय म्हणून छाती फुगवून उभा राहायचा आणि शिवानंदचा हळदीने माखलेला अंगठा माझ्यावर यायचा. रेकॉर्डिंगच्या बटणाचा थाट काय विचारता, त्याला लाल दिवा! माझं नाव निघायचं ते कॅसेट बिघडली तरच.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात हुपरीला एक लग्न होतं. नवरी मीनाक्षी, नवरा कागलचा. नवऱ्याचे वडील हंबीरराव. गावात पहिली व्हिडिओ कॅसेट आपल्या घरची, या आनंदात ते नवऱ्यापेक्षा जास्त नटले होते. मांडवावर झावळ्या होत्या आणि त्यांतून लख्ख ऊन खाली येत होतं.

शिवानंद पंगतीची पातेली कॅमेऱ्यात घ्यायला मागच्या चुलीकडे गेला. तिथे एक बाई खांबाच्या आडून मांडवात बघत होती. अंगावर पांढरं पातळ, कपाळ मोकळं.

"पावणं, ह्यातनं नवरी दिसंल काय?" तिने विचारलं.

"दिसंल की. पर तुमी म्होरंच चला, वैनी."

"म्या रत्नव्वा. नवरीची आई. अक्षता पडंस्तवर म्होरं येऊ नगं म्हणल्यात दीर." तिने कपाळाला बोट लावलं. "ह्ये असं हाय न्हवं."

शिवानंदने कॅमेरा खांबाला टेकवला आणि बघायची नळी तिच्या डोळ्याला लावली. तिने दुसरा डोळा मिटून घेतला. मग म्हणाली, "काळीपांढरी दिसत्या की!"

"आत तसंच दिसतंय. रंग कॅसेटीत उतरतोय."

"शालू हिरवा हाय. पैंजणांस्नी घुंगरं जोडून जोडून, त्या मजुरीतनं घेतलाय म्या."

शिवानंदने मान हलवली. शूटिंग न करताच तो मांडवात परतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "पांढरं पायजे! पांढऱ्याबिगर रंग धरत न्हाय!"

नवरीचे चुलते बाळासो यांनी टोपी काढून दिली.

"मळकी हाय."

कुणी धोतराचा सोगा पुढे केला.

"पिवळं मारतंय. मागं एक बाई हाईत, त्यांचं पातळ बरूबर हाय. नवरीजवळ हुबं ऱ्हावं लागंल."

मी थक्क झालो. बाळासोंची टोपी दुधासारखी होती! पांढरं कशाला म्हणतात ते मला शिकवता?

"तिला न्हाय आणायची," बाळासो म्हणाले.

"मग नवरी निळी दिसंल. उद्या मला बोलायचं न्हाय."

हंबीररावांचा जीव कॅसेटीत अडकलेला. "अवो, आणा की बाईला! नुसतं हुबं ऱ्हायाचं हाय!"

रत्नव्वा आली. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून लेकीशेजारी उभी राहिली. आणि शिवानंदने काय करावं? हळूच तो सरकता खटका खाली केला आणि मग मला वर ढकललं. एकदा, दोनदा, दहादा.

"झालं काय रं?" बाळासो गुरगुरले.

"बसंना झालंय. बाईंनी हलायचं न्हाय!"

मला दोन सेकंद पुरतात हो! पण दोन सेकंदांत काम झालं असतं तर तिला परत चुलीकडे धाडलं असतं. मुहूर्त काही कुणासाठी थांबत नाही. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली, लाल दिवा लागला. मीनाक्षीने हात मागे नेऊन आईच्या पदराचं टोक मुठीत धरलं. अक्षता पडल्या त्या आईच्याही डोक्यावर पडल्या.

कॅसेट निळी निघाली. हंबीरराव दुकानात येऊन गरजले, "भटजी निळा, घोडं निळं! तुला रंग तरी कळतोय व्हय?" शिवानंद खाली मान घालून म्हणाला, "खटका खराब हाय." पुढे दोन वर्षं कागलकडचं एकही लग्न त्याच्याकडे आलं नाही. मी त्याच्यावर फार रुसलो. आधीच थकलेल्याला बदनामी सोसत नाही.

एकोणनव्वदमध्ये मीनाक्षी दुकानात आली. रत्नव्वा महिन्यापूर्वी गेली होती. घरात कॅसेट लावायचं यंत्र नव्हतं, म्हणून ती कॅसेट घेऊन इथे बघायला आली होती. तोवर नवा कॅमेरा आला होता, तो पांढरं आपलं आपणच ठरवतो. मी कपाटात होतो, पण टीव्ही समोरच होता.

तिने पडद्याला बोट लावलं आणि रडू लागली. शिवानंद ओशाळला. "ताई, रंग चुकलाय माझा. नव्या यंत्रावर निळं काढून देतो, दोन दिवस ठेवा."

"नगं, दादा." तिने यंत्रातली कॅसेट काढून छातीशी धरली. "आईला मी रंगीत पातळात कंदी बघितलंच न्हवतं. ह्यात निळं नेसल्या बघा, आभाळागत."

पांढऱ्याला पांढरं म्हणण्यात माझा जन्म गेला. त्या दिवशी मला ते म्हणू दिलं नाही, याचा राग कपाटात बसल्या बसल्या विरून गेला. आता मला भंगारात घालायचं तर खुशाल घाला. एवढंच करा, ती कॅसेट कुणी दुरुस्त करायला मागितली तर देऊ नका.

रत्नव्वाचं पातळ निळंच राहू द्या.